न दिसणारं रफू

३ फेब्रुवारी, सोमवार

पोचलो एकदाचे! दोन पेट्या, एक गादी, माझा सुयांचा डबा आणि भिंगरी. यांत सांभाळायला सगळ्यात अवघड भिंगरीच, कारण ती ठेवल्या जागी राहत नाही. माझी लेक एकोणीस वर्षांची झाली, पण कुलूप उघडल्याबरोबर दोन खोल्यांचं घर तिने असं पालथं घातलं, जणू बारा खोल्या आहेत. मी पदर खोचेपर्यंत तिने नळ उघडून पाहिले (दोन चालू, एक रुसलेला), खिडकीची कडी मोडली आणि समोरच्या बाईंशी मैत्रीही करून आली.

घर हॉस्पिटलच्या वसाहतीत, तिसऱ्या मजल्यावर. खालच्या मोकळ्या जागेत हॉस्पिटलच्या चादरी वाळत घालतात. कापड दिसलं की मला बरं वाटतं. वरूनच दोन चादरींची भोकं दिसली आणि हात शिवशिवले.

भिंगरीला इथल्या नर्सिंग कॉलेजात प्रवेश मिळाला आणि मला त्याच आवारात, मेडिकल कॉलेजच्या शरीररचना विभागात, तीन महिन्यांचं काम. रफूवालीला तिथे काय काम, असं ज्याने त्याने विचारलं. झालं असं, की तिथल्या मुख्य मॅडम मागच्या वर्षी आमच्या दुकानात कोट घेऊन आल्या होत्या. रफू झाल्यावर दहा मिनिटं भिंग लावून शोधत बसल्या, सापडेना. मग विचारलं, की ओल्या वस्तूवर जमेल का? मी म्हटलं, भोक असेल तर कशावरही जमेल. वडिलांच्या हाताखाली शिकले आहे. ते म्हणायचे, काम झाल्यावर ते आपलं आपल्यालाही सापडता कामा नये. माझं मला सापडत नाही, हे मी चारचौघांत मिरवते.

४ फेब्रुवारी, मंगळवार

काम म्हणजे सात बरण्या आणि सात हृदयं. आधी छातीत धस्स झालं, पण त्यांत लाल, मांसल असं काहीच नाही. मांस कधीच धुऊन काढलेलं आहे आणि उरली आहे ती आतली पांढरी चौकट. हृदयाला अशी चौकट असते, हे अठ्ठेचाळीस वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं.

मॅडमनी एक बरणी उजेडात धरून समजावलं. चार कडी, प्रत्येक कड्यात एक झडप. तीन कडी एकमेकांना चिकटलेली, चौथं जरा वर आणि पुढे, एका पट्टीने बांधून ठेवल्यासारखं. तिन्ही जिथे भेटतात तिथे पक्की गाठ. या चौकटीला वरून वरचे दोन कप्पे धरून असतात आणि खालून खालचे दोन. ती नसती तर झडपा केव्हाच फाकल्या असत्या.

मी बोट लावून पाहिलं आणि मला हसूच आलं. हे तर कापड! उभे धागे, आडवे धागे, कुठे दुहेरी वीण, कुठे विरलेलं. जुन्या नमुन्यांत जिथे तिथे उसवलंय. मी म्हटलं, कोटाच्या कोपराला फाटतं तसंच फाटलंय की. मॅडम इतक्या हसल्या, की चष्मा काढून पुसावा लागला. बारीक अंगाच्या, तुरुतुरु चालणाऱ्या आहेत. दोन वर्षांनी निवृत्त व्हायच्या. मला एकदम आवडल्या.

खोली उत्तरेकडे तोंड करून, मोठी खिडकी, थंड आणि एकसारखा उजेड. रफूला असाच लागतो. दिवा लावून मी कधीच काम करत नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

इथली एक गमतीची पद्धत आज कळली. फार पूर्वी या बरण्यांकडे कुणी बघायचं नाही, पाणी आटून नमुने सुकायचे. तेव्हा कुणा जुन्या सरांनी ठरवलं, की दर बरणीला एक पालक हवा. पालकाने चिठ्ठीवर सही करायची, चिठ्ठी झाकणाच्या आत ठेवायची आणि सोमवारी येऊन आपल्या हृदयाचं पाणी बघायचं. तेव्हापासून चालू आहे. पाच नंबर मॅडमचं, दोन नंबर स्टोअरवाल्या काकांचं.

हे काका म्हणजे वल्ली. पोट आधी येतं, काका मागून. विभागाचं सगळं सामान त्यांच्या ताब्यात आणि कापूस मागितला तरी आधी एक विनोद ऐकून घ्यावा लागतो. मला त्यांनी पहिल्या दिवसापासून रफूबाई करून टाकलंय.

सात नंबरला पालक नव्हता. मला घ्यावंसं वाटलं, पण हंगामी माणसाला देत नाहीत. भिंगरी मला डबा द्यायला आली होती. काका म्हणाले, की पोरगी इथली विद्यार्थिनी आहे, हिलाच देऊन टाका, नाहीतरी हिचं स्वतःचं हृदय जागेवर कुठेय, भिरभिरतंय सगळीकडे. तिने उभ्या उभ्या, उड्या मारत सही ठोकली, खाली दोन रेघा ओढल्या आणि आई, मला आता दोन हृदयं, असं ओरडत जिना उतरलीसुद्धा. मॅडमनी कपाळाला हात लावला.

मॅडम उद्या बारा दिवसांसाठी बाहेरगावी परीक्षा घ्यायला जाणार. कुठे काय फाटलंय त्याची चित्रं काढून लाल खुणा करून दिल्यात. बाकीचं परत आल्यावर समजावते म्हणाल्या.

१२ फेब्रुवारी, बुधवार

दोन नंबर पूर्ण!

पद्धत लिहून ठेवते. नमुना पांढऱ्या ताटलीत, पाण्यात. भिंग स्टँडवर. धागा बाहेरचा वापरायचा नाही, त्याच कापडाचा घ्यायचा. कोटाच्या आतल्या शिवणीतून काढतो तसा इथे चौकटीच्या काठावरून एकेक तंतू सोडवला. एक वरून, एक खालून, ओढायचं नाही, नुसतं बसवायचं. रंगात फरक पडत नाही, पोतात पडत नाही.

लाल खुणा पाच होत्या. पण गाठीशी सुई नेली तेव्हा अजून एक भोक दिसलं, टाचणीच्या टोकाएवढं, आरपार. मॅडमच्या चित्रात त्यावर खूण नव्हती. काठ गुळगुळीत होते, कसरीने खाल्लं की होतात तसे. मॅडमच्या नजरेतून निसटलं असणार. आता कुणाला विचारायला जायचं म्हणजे रफूबाईला भोक ओळखता येत नाही, असं व्हायचं. आणि भोक दिसल्यावर ते तसंच सोडून पुढे जायचं, हे माझ्या हातून होणार नाही. अकरा टाके घातले. मग नमुना उलटसुलट करून पाहिला. कुठे होतं ते मलाच सापडेना. काय सांगू, किती बरं वाटलं!

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पाच नंबर झालं. गंमत म्हणजे त्यालाही तिथेच, गाठीच्या अंगाला, तसंच भोक. कसर असली तरी आवडनिवड पक्की दिसते. तेही बुजवलं.

काका आज कापूस द्यायला आले ते चक्क विनोद न करता. बसूनच राहिले. जिने चढवत नाहीत म्हणाले, वय झालं. पन्नाशीचा तर माणूस.

भिंगरीला नाडी मोजायला शिकवलीय. दिसेल त्याचं मनगट धरते. माझी चौऱ्याहत्तर, समोरच्या बाईंची अडुसष्ट, तिची स्वतःची शहाऐंशी, कारण मोजतानाही ती नाचत असते.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सात नंबर संपवलं. भिंगरीचं म्हणून जरा जास्तच जीव ओतला. गाठीजवळचं भोक यातही होतं, त्यालाही अकराच टाके, आणि सगळ्यात सुबक तेच बुजलं.

दुपारी काका स्टोअरमध्ये कोसळले. स्टुलावर बसल्या बसल्या कलंडले, औषधाच्या बाटल्या अंगावर. आम्ही धावलो. भिंगरी नेमकी तिथे होती, तिने मनगट धरलं आणि तिचा चेहराच उतरला. बत्तीस, म्हणाली. पुन्हा मोजली, बत्तीसच.

हृदयाच्या डॉक्टरांनी लगेच आत घेतलं. छातीत यंत्र बसवून तार हृदयापर्यंत नेणार आहेत. आता काळजी नाही म्हणतात. कामात लक्ष लागेना, तीनदा सुई बोटात गेली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

काय करून बसले मी.

मॅडम आल्या. काम बघून खूश झाल्या, माझा हात हातात घेतला. मग मुलांना दाखवायला पाच नंबर उचललं, ब्रशचा एक ताठ केस घेतला आणि गाठीच्या अंगाने आत सारायला लागल्या. केस जाईना. दुसरा घेतला. तोही वाकला. चष्मा लावून बघितलं, काढून बघितलं, म्हणाल्या, की वाट कुठे गेली?

मी विचारलं, कसली वाट. त्यांनी मुलांना आणि मला एकदमच सांगितलं. ठोक्याचा हुकूम वरच्या कप्प्यांतून निघतो. ही पांढरी चौकट तो अडवते, वरची धांदल जशीच्या तशी खाली जाऊ नये म्हणून. हुकूम खाली जायला एकच वाट ठेवलेली असते, गाठीतून, टाचणीच्या टोकाएवढी. ती बंद झाली तर वरचं वरच धडधडत राहतं आणि खालच्याला काही कळत नाही. खालचं मग आपल्या मनाने रेंगाळत चालतं. मिनिटाला तीस, कधी वीस.

काकांना तेच झालंय, असं एक विद्यार्थी म्हणाला.

ती वाट मीच बुजवली, हे सांगायची लाज वाटली. मॅडम म्हणाल्या, की जुना नमुना आहे, आक्रसला असेल. आणि स्टुलावर बसल्या. जिना चढून आल्यापासून दम लागतोय म्हणाल्या.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

मनाची समजूत घालते आहे. बरणीतली वस्तू ती बरणीतली. ज्यांची ती हृदयं होती ती माणसं कधीच गेली. काकांनी चिठ्ठीवर सही केली म्हणून काय झालं, सही आपण शंभर ठिकाणी करतो.

पण आधी दोन नंबर केलं आणि आधी काका पडले. मग पाच नंबर केलं आणि मॅडमना दम लागला. त्यानंतर—

भिंगरीला दहा वेळा विचारलं, बरं वाटतंय ना. ती म्हणाली, आई, तूच आजारी दिसतेस.

२३ फेब्रुवारी, रविवार

भिंगरी आज सकाळभर खिडकीशी बसून होती. नुसती बसून. तिला असं बसलेलं मी तापातसुद्धा पाहिलेलं नाही. मी तिचं मनगट धरलं तर हसली, म्हणाली, तुला मोजता येत नाही. येतं. घड्याळ समोर ठेवून मोजली.

अठ्ठावन्न.

२४ फेब्रुवारी, सोमवार

उजाडताच खोली उघडली. सात नंबरचं झाकण काढलं, चिठ्ठी फाडली, तुकडे गटारात टाकले. घरी पळत आले. एकावन्न.

मॅडमना काल रात्री भरती केलंय. त्यांच्या खाटेशी जाऊन सगळं ओकून टाकलं. आधी त्या हसल्या. म्हणाल्या, की रफूबाई, तुमची चूक एवढीच, की विचारलं नाहीत. नमुन्याचा आणि माझा काय संबंध, या वयात होतं असं. मग शिकवतात तसं मला समजावत राहिल्या. माझा जीव थोडा भांड्यात पडला.

तेवढ्यात हृदयाचे डॉक्टर आले. काकांचं यंत्र चालू आहे, म्हणाले, पण खालचा कप्पा ते मानत नाही. तपासून पाहिलं तर तारेच्या टोकाभोवती पांढरे तंतू वाढलेत. तसे थोडे वाढतात, पण महिन्यांनी, आणि असे नाही. हे ओळीने आहेत, एक वरून, एक खालून. मॅडमना ते म्हणाले, की कुणी बसून विणल्यासारखं दिसतं हो.

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. हसणं पार मावळलं होतं. डॉक्टर गेल्यावर त्यांनी एकच शब्द उच्चारला. उसवा.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

मॅडमनी पडल्या पडल्या कागदावर जागा काढून दिली. पण म्हणाल्या, की दर माणसात ती केसभर इकडे तिकडे असते. केसभर म्हणजे माझ्या तीन टाक्यांएवढी.

दिवसभर दोन नंबर भिंगाखाली. उजेडाकडे धरलं, पाण्यात हलवलं, ओठांनी चाचपलं. वडील शाल ओठांनी चाचपायचे, बोटांना कळत नाही ते ओठांना कळतं. अकरा टाके मीच घातले. एक सापडत नाही.

काकांची बायको जिन्यात भेटली. हातात त्यांच्या चपला होत्या. डॉक्टर उद्या दुसरी तार घालणार म्हणाली. तिला काय सांगू?

आता सगळीकडे तीच वीण दिसते. चादरीत, उशीत, हाताच्या कातडीवर.

भिंगरी शेहेचाळीस.

२६ फेब्रुवारी, बुधवार

दुसरी तार दोन तास चालली. काकांची नाडी अठरा. वाट बघण्यात अर्थ नव्हता.

अंदाजाने सुई टोचली. अगदी बारीक सुई, अगदी हलक्या हाताने. आणि तिथे टाका नव्हताच, अख्खं कापड होतं. गाठीपासून कड्यापर्यंत चर्रकन फाटत गेलं. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

काका गेले. दहा वीसला.

मारलं मी त्यांना.

२७ फेब्रुवारी

भिंगरी भरती. तिला काही सांगितलेलं नाही. डॉक्टर तार घालणार. घालू दे. तरणं हृदय आहे, मानेल.

मॅडमकडे गेले. काकांचं सांगितलं. मग विचारलं, तुमचं आधी उसवू का, तुमची नाडी जास्त उतरलीय. म्हणाल्या, मूर्खासारखं बोलू नका, मुलीचं आधी. आणि घाई करू नका. मग स्वतःच हसल्या. घाई नको हे कोण कुणाला सांगतंय, म्हणाल्या.

१ मार्च

तार घातली तेव्हा सत्तर. उठून बसली, केस विंचरून मागितले, शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीची नक्कल करून दाखवली. मी वॉर्डाबाहेर जाऊन भिंतीला डोकं टेकून रडले.

पाचव्या तासाला पुन्हा बावन्न. यंत्र चालू. तार चालू.

विणलं जातंय आतून. मी घातले ते अकराच होते. पुढचे कोण घालतंय—

२ मार्च

दिवसभर सात नंबर. सुई हातात, टेकवायचं धाडस नाही. काकांचं फाटलं तो आवाज कानातून जात नाही. लुगड्याचा काठ फाटावा एवढाच आवाज होता.

नाही उसवलं तर थांबेल. चुकीचं उसवलं तर फाटेल.

चाळीस.

३ मार्च

मॅडमच्या नाकाला नळी. बोलता येत नाही. बोटाने माझ्या तळहातावर सात काढला. पुन्हा पुन्हा सात.

भिंगरी तेहेतीस. हाक मारली की डोळे उघडते, उत्तर यायला वेळ लागतो. हाक खाली पोचतच नाही जणू. तिचे पाय. तिचे पाय हलत नाहीत. झोपेतसुद्धा हलायचे ते.

बसवत नाही. उभं राहवत नाही. वॉर्ड ते खोली, खोली ते वॉर्ड, आज किती वेळा—

सुई नमुन्यावर टेकली तर तिला कळतं का? काकांना कळलं असेल का? कळत असेल तर तीच सांगेल कुठे—

४ मार्च, सकाळ

बरणी पिशवीत घालून वॉर्डात आणली. कुणी विचारलं नाही, आईने खायला आणलं असेल म्हणून. खिडकीशी खाट, उजेड चांगला. नमुना ताटलीत, तिच्या उशाशी.

भिंगरीला सगळं सांगितलं. काकांचंही. रागावली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, आई, विचारायचं होतंस गं. मग म्हणाली, कुठे सुई टेकवतेस आणि मला काय होतं ते लिहून ठेव, मॅडमना लागेल. नर्स आहे ना. म्हणून लिहितेय. उजव्या हातात सुई, लिहितेय डाव्याने. नाडी तिची तीच मोजतेय. एकोणतीस.

गाठीच्या मधोमध टोक टेकवलं. पाठीत कळ आली म्हणते. उचललं.

मोठ्या कड्याच्या काठाला. डोळ्यांपुढे अंधार. उचललं. सव्वीस.

गाठीच्या वरच्या अंगाला. मळमळ. उचललं. ती म्हणते, आई, तू श्वास घे.

खालच्या अंगाला, पडदा पातळ होतो तिथे, अगदी कडेला. काही नाही म्हणते. थांब म्हणते. हसतेय. गुदगुल्या होतात म्हणते—

इथेच का? इथेच म्हणते. एकवीस. दाब म्हणते.

दाबते.

गेली. सुई आरपार गेली. फाटलं नाही! चाळीस. अठ्ठावन्न. बहात्तर! ती मोठ्याने मोजतेय, गालांवर रंग आला, पाय हलवतेय चादरीखाली, माझी पोर पाय हलवतेय. मॅडमसाठी: गाठीच्या खालच्या अंगाला, पातळ पडद्याच्या कडेला, मोठ्या कड्यापासून—

सुई काढायला गेले. अर्धी बाहेर आली आणि तिचे डोळे वर गेले. परत घातली. बहात्तर.

पुन्हा पाहिलं. काढली की भोक मिटतं. माझ्या देखत मिटतं, एक धागा वरून, एक खालून. सुई आत असेल आणि हलत असेल तोवर वाट उघडी. थांबली की काठ सुईला धरतात.

हलवत राहायचं. एवढंच ना. हलवेन. जन्मभर हलवेन.

दुपार

भिंगरी झोपलीय. पाय झोपेत हलताहेत. उठवत नाही, दचकून तिचा ताटलीला धक्का लागला तर—

निरोप आला. मॅडम बोलावताहेत, लगेच या म्हणे. जाता येत नाही. जागा लिहिलेलं पान फाडून पाठवलं असतं, पण त्यांचं उसवणार कोण. सुई मीच धरते ना. आणि इथली सुई— मॅडम, मला माफ—

दुसरा निरोप आला नाही.

धागे सुईवरून चढलेत. बोटांपर्यंत. अंगठ्याच्या नखावर एक उभा, त्यावर एक आडवा. दुखत नाही. सुंदर वीण आहे. कातडी कुठे संपते ते मलाही—

अंगठा हलत नाही आता.

बोटं हलली नाहीत तर सुई हलणार नाही. सुई थांबली तर— तिचे पाय. पाय हळू झालेत. हा हात गेला. दुसऱ्या हाताने धरायला हवी, वही टाकते, डाव्या हाता—